पीडीएफ पुस्तकाची अनुक्रमणिका, बुकमार्क आणि सूची: या चुका टाळा

तीनशे पानांचं पीडीएफ पुस्तक मोबाईलवर उघडलं, अनुक्रमणिकेतल्या सातव्या प्रकरणावर बोट टेकवलं आणि काहीच झालं नाही, की वाचक थोडा वेळ पानं सरकवतो आणि मग पुस्तकच बंद करतो. दुसऱ्यांची पुस्तकं पीडीएफ करून देताना हे इतक्यांदा पाहिलंय, की फाइल आली की मी आधी अनुक्रमणिकाच दाबून बघतो. गंमत अशी, की यातल्या बहुतेक चुका पीडीएफमध्ये होतच नाहीत. त्या मूळ फायलीत आधीच होऊन बसलेल्या असतात.

आधी नावांचा घोळ मिटवू. अनुक्रमणिका म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीला पानावर दिसणारी प्रकरणांची यादी. बुकमार्क पानावर नसतात. वाचनाच्या ॲपमध्ये कडेच्या पट्टीत उघडतात. सूची शेवटी येते, नावं आणि विषय वर्णानुक्रमे लावलेली. आणि वर्डच्या ‘इन्सर्ट’मधला ‘बुकमार्क’ हा चौथाच प्राणी: ती मजकुरातली एक अदृश्य खूण असते. ती टाकून कडेच्या पट्टीची वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

शीर्षक नुसतं ठळक करून सोडणं

प्रकरणाचं नाव मोठ्या टाइपात, ठळक, मधोमध. डोळ्यांना ते शीर्षक, वर्डच्या लेखी मात्र साधा परिच्छेद. त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या, पोटशीर्षकांना ‘हेडिंग २’. रूप आवडलं नाही तर स्टाइलच बदला. मग ‘रेफरन्सेस’मधून टेबल ऑफ कंटेंट्स घातलं की दुवे आपोआप येतात. टिंबं मारून, टॅब देऊन हाताने रचलेली अनुक्रमणिका कितीही देखणी असली तरी दाबल्यावर ढिम्म.

नंतर एखादं प्रकरण वाढलं तर एफ९ दाबल्यावर वर्ड विचारतो: फक्त पानांचे आकडे बदलू की पूर्ण तक्ता? घाईत पहिला पर्याय निवडला जातो आणि नवं प्रकरण अनुक्रमणिकेत येतच नाही. पूर्ण तक्ता निवडा. पण तक्त्यात हाताने केलेल्या दुरुस्त्या त्यात पुसल्या जातात, म्हणून दुरुस्ती नेहमी शीर्षकात करावी.

‘प्रिंट’मधून पीडीएफ काढणं

सगळं नीट असूनही दुवे गायब असतील, तर पहिला संशय इथे. प्रिंटच्या वाटेने गेलेलं पान म्हणजे कागदावर उमटलेल्या पानासारखं. त्यात दुवे उरत नाहीत. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा, ‘ऑप्शन्स’ उघडा आणि हेडिंगवरून बुकमार्क करण्याच्या चौकटीत खूण करा. ही खूण करायची विसरली तर अनुक्रमणिका चालते, पण कडेची पट्टी रिकामी राहते. लिबरऑफिसमध्येही ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’च्या खिडकीत तसाच पर्याय असतो. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ठिकाणी बघावं लागतं: अनुक्रमणिका करताना पीडीएफ बुकमार्कची खूण, आणि एक्स्पोर्ट करताना बुकमार्क व हायपरलिंक दोन्हींची.

बारा पानांचा फरक

ही चूक माझी स्वतःची. एका कथासंग्रहाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफला मी हाताने बुकमार्क लावले. कथा पान ५७ वर, म्हणून ५७ लिहिलं. सगळे बुकमार्क बारा पानं अलीकडे पोचले. कारण साधं: मुखपृष्ठ, श्रेयपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना मिळून पुढे बारा पानं होती, आणि पीडीएफ मोजायला मुखपृष्ठापासूनच सुरुवात करतो. पान ५७ त्याच्या हिशेबी ६९ होतं.

त्यामुळे पीडीएफटीकेसारख्या साधनाला बुकमार्कची यादी देताना छापील आकड्यात आधी तो फरक मिळवा. मधे विनाआकड्याची चित्रपानं असतील तर तिथून पुढे फरक आणखी वाढतो, म्हणून पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण तपासल्याशिवाय यादी पक्की करू नका. शीर्षकं देवनागरीत असतील तर याच साधनाची यूटीएफ-८ वाली आज्ञा वापरावी लागते, नाहीतर अक्षरांची वाट लागते.

वाचकाने पानक्रमांकाच्या चौकटीत ५७ टाकलं तर त्यालाही योग्य पान मिळायला हवं. त्यासाठी ॲक्रोबॅट या पीडीएफ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पानांच्या छोट्या चित्रांवर उजवी क्लिक करून ‘पेज लेबल्स’ लावता येतात: सुरुवातीची बारा पानं रोमन आकड्यांत, तेराव्यापासून १. सगळी ॲप हे पाळत नाहीत, पण पाळतात तिथे मोठी सोय होते.

बुकमार्कमध्ये अगम्य अक्षरं

पानावर ‘प्रकरण पहिले’ सुबक दिसतं आणि कडेच्या पट्टीत इंग्रजी अक्षरं, चिन्हं यांची खिचडी. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे, एवढंच समजा. त्या फायलीत खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात. देवनागरीचं रूप फाँट देतो. कडेची पट्टी पुस्तकाचा फाँट वापरत नाही, म्हणून तिथे पितळ उघडं पडतं. निदान शीर्षकं तरी युनिकोडमध्ये आणा. ते शक्य नसेल तर पीडीएफमध्ये प्रत्येक बुकमार्कचं नाव हाताने टाइप करा. कंटाळवाणं आहे, पण होतं.

दुसरी कुरबुर: बुकमार्क दाबला की पान एकदम दुप्पट मोठं होतं. ॲक्रोबॅटमध्ये बुकमार्क करताना पडद्यावर जो झूम असतो तोच त्यात बसतो. बुकमार्कच्या गुणधर्मात जाऊन ‘इनहेरिट झूम’ करा, म्हणजे वाचकाचा झूम तसाच राहतो. आणि फाइलच्या ‘इनिशियल व्ह्यू’मध्ये पट्टी उघडी ठेवायला सांगा, नाहीतर ती आहे हेच कुणाला कळत नाही. फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये ती मेनूत दडलेली असते, त्यामुळे बुकमार्क केले म्हणून दुव्यांची अनुक्रमणिका गाळू नका.

सूची: सगळ्यात जास्त वेळ खाणारी

वर्डमध्ये शब्दांवर खुणा करून सूची होते, पण तिच्यातले पानांचे आकडे दाबून पानावर जाता येत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं. वर्ड ते करतच नाही. दुवे हवेच असतील तर पीडीएफ झाल्यावर ते हाताने लावावे लागतात, किंवा पुस्तक लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, हायपररेफ हे दुवे देणारं पॅकेज घेऊन करावं. खुणा दिसत असताना सूची अपडेट केली तर आकडे चुकतात, कारण त्या खुणांनीच मजकूर पुढे ढकललेला असतो. आधी त्या लपवा, मग अपडेट करा.

वर्णक्रमही तपासाच. संगणकाने नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावलं तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे घुसतो, आणि ‘क्षितिज’ थेट ‘क’मध्ये जाऊन बसतं. ‘क्ष’ कुठे ठेवायचा यावर कोशकारांचंही एकमत नाही. तुम्ही एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

शेवटच्या क्षणी पान बदलणं

सगळं झाल्यावर मुद्रणदोष सापडतो. ते पान काढून दुसरं घातलं तर त्यावरचे दुवे जातात आणि तिथे येणारे बुकमार्क लटकतात. ॲक्रोबॅटमधलं ‘रिप्लेस पेजेस’ वापरा: मजकूर बदलतो, दुवे आणि बुकमार्क जागच्या जागी राहतात. पण दुरुस्तीने मजकूर पुढच्या पानावर सरकत असेल तर मूळ फाइल उघडा आणि पीडीएफ पुन्हा काढा.