उष्ण हवेत हार्डनेक लसूण : या चुका टाळा

हिमाचल-काश्मीरहून हौसेनं आणलेला जाड पाकळ्यांचा लसूण पुण्यात, ठाण्यात नाहीतर मडगावात लावला की तक्रार ठरलेली: पात हिरवीगार, पण उपटून पाहावं तर खाली नुसता फुगवटा. मग दोष खताला, मातीला, बियाण्याला. बहुतेक वेळा उणीव असते ती थंडीची. मधून ताठ दांडा काढणाऱ्या या हार्डनेक लसणाला काही आठवडे सलग गारवा मिळाला, तरच गड्ड्यात पाकळ्या नीट पडतात. निफाडचा पारा ५ अंशांखाली गेल्याची बातमी येते खरी, पण ती थंडी चार रात्रींची. कोकणात तीही नाही.

म्हणून थंडी फ्रीजमधून द्यायची, आणि निम्म्या चुका इथेच होतात. फ्रीझरमध्ये ठेवला तर लसूण कामातून जातो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला तर बुरशी धरते. पाकळ्या आधीच सुट्या केल्या तर त्या सुकतात. अखंड, कोरडा गड्डा कागदी पिशवीत घालून ४ ते ८ अंशांत सुमारे आठ आठवडे ठेवा. अनंत चतुर्दशीला आत आणि तुळशीच्या लग्नाला बाहेर, हा हिशेब एरवी बरोबर बसतो. जास्त दिवस ठेवला तर जास्त चांगला, असं मात्र नाही: तीन-चार महिने गारठवलेल्या लसणाला आतच कोंब येतात आणि पुढे गड्डे वेडेवाकडे होतात.

बाहेर काढल्यावर आठवडाभर ओट्यावर पडू देऊ नका. मिळवलेली थंडी उष्णतेनं वाया जाते. पाकळ्या सोडवा आणि त्याच दिवशी टोका, टोक वर करून. ऊन अजून तापत असेल तर वाफ्यावर पाचट किंवा पेंढा पसरा.

हे सगळं करूनही काही वाण दगा देतात, कारण गड्डा धरायला त्यांना मोठा दिवस लागतो. पुण्यात डिसेंबरचा दिवस ११ तासांचा, जूनमधला १३ तासांहून थोडा मोठा. शिमल्यात जूनमध्ये तो १४ तासांवर जातो. ‘अ‍ॅग्रीफाउंड पार्वती’ हा वाण अशा मोठ्या दिवसांच्या डोंगराळ भागासाठीच आहे. कॅलिफोर्निया-टेक्ससमध्ये परसबाग करणाऱ्यांनी हार्डनेकमधल्या रोकँबोल गटाच्या नादी लागू नये. त्यातलेच क्रेओल आणि टर्बन गट ऊब बरी सोसतात.

पाकळ्या न पडता एकच गोळा मिळाला तर फेकू नका. खायला तो उत्तमच, शिवाय पुढच्या वर्षी थंडी देऊन तोच बियाणं म्हणून लावता येतो. नुसता स्वयंपाकापुरता लसूण हवा असेल तर माझं मत विचाराल तर ‘भीमा पर्पल’ किंवा ‘गोदावरी’ हे साध्या लसणाचे वाण लावा आणि फ्रीज भाजीला मोकळा ठेवा.

युरियाचा हात गड्डा भरू लागल्यावर आखडता घ्या. दांडा वळू लागला की खुडा, पिठल्यात छान लागतो. काढणीला साध्या लसणाची सवय आड येते: मान पडायची वाट बघत लोक बसतात. याची मान दांड्यामुळे ताठच राहते आणि तोवर जमिनीत गड्डा उकलतो. खालची तिसरा हिस्सा पात वाळली की एक उपटून बघा, पाकळ्या भरल्या असतील तर पाणी तोडा आणि दहा-बारा दिवसांनी सगळा काढा.