इंग्रजीत 'हू, विच, दॅट' कधी गाळायचं?

आपल्याला मराठीत 'जो-तो, जे-ते' ची सवय, त्यामुळे इंग्रजी बोलतानाही प्रत्येक ठिकाणी विच नाहीतर दॅट घुसतोच आणि वाक्य पुस्तकी वाटायला लागतं. सोपी ट्रिक सांगतो, त्या शब्दाच्या लगेच पुढे काय येतंय ते बघा. पुढे आय, शी, दे असा नवीन कर्ता आला तर बिनधास्त गाळा, म्हणजे 'द बुक दॅट आय बॉट' ऐवजी नुसतं 'द बुक आय बॉट'. पण पुढे थेट क्रियापद असेल तर नाही गाळता येत, 'द मॅन हू कॉल्ड मी' मधला हू काढला तर अर्थच बदलतो, 'ज्याने मला फोन केला तो माणूस' ऐवजी 'त्या माणसाने मला फोन केला' असं पूर्ण वाक्य होतं! हां, 'हू इज स्टँडिंग देअर' सारखं असेल तर हू आणि इज दोन्ही उडवा, 'द मॅन स्टँडिंग देअर' मस्त चालतं.

'द गर्ल टू हूम आय वॉज टॉकिंग' असं तर बोलताना कोणी फारसं म्हणतच नाही, टू शेवटी टाका, 'द गर्ल आय वॉज टॉकिंग टू'. आणि स्वल्पविराम देऊन जोडलेली जादा माहिती असेल तर मात्र हू-विच ठेवायचंच, तिथे दॅटही नको.