म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन: पहिल्या तीन रात्री सांभाळा

ऑपरेशन ठरलं की घरचे पैसे आणि रक्ताच्या मागे धावतात. ते लागतंच. पण नागपूरच्या धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात वॉर्ड सिस्टर म्हणून मी सांगते, पेशंट सत्तरीच्या पुढचा असेल तर पहिल्या तीन रात्री कॉटजवळ कोण बसणार, तेही आधी ठरवा. ओळखीचा चेहरा हवा, भाड्याचा माणूस नको.

कारण याच रात्रींत कुणीतरी धावत येतं, "सिस्टर, बाबा काहीच्या बाही बोलून राहिले!" सलाईनची सुई उपटतात, मेलेल्या भावाला हाका मारतात. याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं, काहींना जास्त वेळ लागतो. खापर भुलीवर फुटतं, पण नुसत्या कमरेखालच्या भुलीनंतरही हे होतं. ऑपरेशनचा ताण, दुखणं, जागरण, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, इन्फेक्शन, यातलं काहीही थकलेल्या मेंदूला पुरतं. बडबडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. मला काळजी गुपचूप पडून राहणाऱ्याची जास्त वाटते, कारण घरच्यांना वाटतं, आराम करताहेत. दोघांबद्दलही लगेच सांगा.

तयारी घरूनच सुरू होते. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत आणा, चूर्ण आणि झोपेची गोळीसुद्धा. रक्त पातळ करायची नि शुगरची गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं नको. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), दारू लपवू नका. रोजची दारू एकदम तुटली तरी माणूस भ्रमतो. उपाशी किती वेळ ठेवायचं, हे भूलतज्ज्ञांना नेमकं विचारा. साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद असतं, साधं पाणी मात्र बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. नागपूरच्या मे महिन्यात रात्रीपासून कोरडं ठेवलेलं म्हातारं शरीर थिएटरमध्ये जाण्याआधीच सुकलेलं असतं.

चष्मा, कवळी, कानाचं मशीन थिएटरबाहेर काढून घेतात. नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा आणि शुद्ध आल्यावर सिस्टरला विचारून परत लावा. काटोलकडच्या एका आजी कुणालाच उत्तर देत नव्हत्या, सून रडकुंडीला आलेली. मशीन कानात घातलं, तशा म्हणाल्या, "अवं, चहा दे ना."

बाबा भलतंच बोलले तर वाद घालू नका. "आज बुधवार. तुम्ही धंतोलीत दवाखान्यात आहात. ऑपरेशन नीट झालं. मी इथंच आहे." एवढंच, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. हात बांधू नका. झोपेच्या इंजेक्शनसाठी मागे लागू नका, त्यानं गोंधळ वाढू शकतो. दिवसा पडदे उघडा, रात्री दिवा नि मोबाईल बंद. गावाहून भेटायला येणाऱ्यांना चार दिवसांनी यायला सांगा.

दुखतंय का, हे स्वतः विचारा. आपली जुनी माणसं दात-ओठ खाऊन सोसतात आणि मग दुखतं म्हणून हलत नाहीत. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, मांड्या झडतात. खुब्याच्या ऑपरेशननंतरही बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करतात. "राहू द्या, आजी थकल्या" म्हणून फिजिओथेरपिस्टला परत पाठवू नका. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं फुप्फुसाच्या व्यायामाचं खेळणं तुम्हीच तासातासाला हातात द्या.

धाप, ताप, लघवी बंद, तोंड वाकडं, एका बाजूचा हातपाय लुळा, किंवा हाक मारूनही डोळे न उघडणं: यात सकाळची वाट बघू नका, लगेच बेल दाबा.

घरी गेल्यावर काहींचा विसरभोळेपणा काही आठवडे, कधी काही महिने राहतो. तोवर औषधं तुम्ही द्या आणि बँकेच्या, शेतीच्या कागदांवर सह्या घेऊ नका. ताटात रोज वरण, दूध, चालत असेल तर अंडं. रात्री संडासच्या वाटेवर दिवा सुरू ठेवा आणि कूलरची वायर वाटेतून काढा.