धूर्त ड्रॅगन चालवायचा असेल तर

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात पहिल्यांदाच डीएम (गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा) होणारे बरेचजण मोठा राक्षस निवडला की त्याचे हिट पॉइंट्स (तो किती मार सोसतो) आणि डॅमेज (किती इजा करतो) पाठ करतात. ते हवंच. पण राक्षस धूर्त असेल तर त्याहून महत्त्वाची तयारी वेगळी आहे. त्याला काय माहीत आहे आणि ते कुठून कळलं, हे सेशनच्या आधी कागदावर उतरलेलं असावं. डीएमला सगळंच ठाऊक असतं: विझर्डने (जादूगाराने) आज कोणते स्पेल म्हणजे मंत्र तयार केलेत, ‘रोग’ (rogue, लपतछपत वावरणारं पात्र) कुठे लपलाय, जखमींना बरं करणाऱ्या क्लेरिककडे किती स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) उरलेत. ही माहिती नकळत राक्षसाच्या डोक्यात शिरते. मग खेळाडूंना वाटू लागतं की समोर ड्रॅगन नाही, डीएमच आपल्यावर उठलाय. त्यांचं चुकत नसतं.

मी नवीन डीएमना सुरुवातीला अ‍ॅडल्ट ग्रीन ड्रॅगन अभ्यासायला सांगतो. 2014च्या नियमांत त्याचे हिट पॉइंट्स 207, आर्मर क्लास (त्याला फटका लागणं किती अवघड) 19 आणि चॅलेंज रेटिंग (एकूण किती कठीण) 15. पण माझं लक्ष असतं ते त्याच्या गुहेच्या परिसराबद्दल दिलेल्या ओळींकडे. तो पुरेसा जुना आणि बलाढ्य असेल, तर गुहेपासून एक मैलाच्या आतले पक्षी आणि उंदीर त्याचे डोळे-कान असतात. हरणं तिथे दिसत नाहीत. झुडपांचा चक्रव्यूह झालेला असतो. मनात आणलं तर तो स्वतःच्या वावराची खूणही मागे ठेवत नाही.

धूर्तपणा चालवायला एवढं भांडवल पुरतं. पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, जंगलात मुक्काम केला आणि वर फांदीवर कावळा बसलेला असेल, तर तिथे जे मोठ्याने बोललं गेलं ते ड्रॅगनला कळलं. तंबूत खुणांनी ठरवलं ते कळलं नाही. मी कागदावर दोन रकाने करतो: ‘कळलं’ आणि ‘अंदाज’. कुणी फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकताना पक्ष्यांना दिसला तर तो पहिल्या रकान्यात जातो. लांब झगा घालून मागे चालणारा माणूस जादूगार असावा, हा अंदाज. अंदाज चुकू द्यायचा, आणि चुकला तर ड्रॅगनने त्याची किंमत मोजायची.

यातली दुसरी बाजू मला फार प्रिय आहे. कावळा दिसत असतो. तोच कावळा तिसऱ्यांदा दिसतो हे तुम्ही वर्णनात सांगितलंत, तर एखादी खेळाडू ताठ बसते आणि म्हणते, “हे आपल्यावर नजर ठेवतंय.” आता पार्टी खोटी योजना मोठ्याने बोलू शकते. त्या क्षणी तुमच्या ड्रॅगनने फसायलाच हवं. तुम्हाला खरं माहीत असलं तरी त्याच्या रकान्यात खोटंच लिहायचं. धूर्त राक्षसाला फसवल्याचा आनंद खेळाडू वर्षानुवर्षं सांगत राहतात, तो हिरावून घेऊ नका.

पहिली भेट लढाईने होऊ नये असं माझं ठाम मत आहे. या ड्रॅगनची बुद्धिमत्ता 18 आहे आणि फसवणं, मन वळवणं, समोरच्याचा हेतू ओळखणं ही त्याची अधिकृत कौशल्यं आहेत. त्याला बोलू द्या. त्याने पार्टीतल्या पॅलाडिनला (शपथबद्ध योद्ध्याला) नावाने हाक मारली की टेबलावर जी शांतता पसरते, ती कुठल्याही डॅमेजने येत नाही.

लढाई सुरू झाल्यावरची मुख्य अडचण म्हणजे पाळ्या. चार खेळाडूंच्या चार पाळ्या आणि याची एक. म्हणून दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत) त्याला तीन जादा कृती, म्हणजे लेजंडरी अ‍ॅक्शन आहेत. त्या दुसऱ्यांची पाळी संपताच, एकावेळी एक, वापरायच्या. नवीन डीएम त्या विसरतात, म्हणून समोर तीन नाणी ठेवा. पंखांच्या फटकाऱ्याला दोन लागतात, पण त्यात 10 फुटांतले लोक आडवे पडू शकतात आणि ड्रॅगन 40 फूट उडून निघतो. घेराव फोडायला याहून चांगलं काही नाही. विषारी श्वास 60 फुटांच्या शंकूत, सहा बाजूंच्या 16 फाशांचा, सरासरी 56. समोरच्याचा सेव्ह (बचावाचा फासा) यशस्वी झाला तर निम्मा. एकदा वापरल्यावर त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला फासा टाकायचा, 5 किंवा 6 आला तरच परत मिळतो. तोपर्यंत जमिनीवर उभं राहायचं त्याला कारण काय? झाडांच्या वर जावं, वाट बघावी, पार्टी एकत्र आली की खाली यावं.

लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे फसलेला सेव्ह यशस्वी ठरवायची मुभा, दिवसातून तीनदा. तो वापरला की खेळाडूंना स्पष्ट सांगा. स्पेल वाया गेला असं न वाटता काहीतरी झिजवलं असं वाटलं पाहिजे.

बेशुद्ध पडलेल्या कॅरेक्टरवर हल्ला करायचा का? याबद्दल मोहीम सुरू होण्याआधीच सगळ्यांशी बोलून घ्या. माझा नियम असा: क्लेरिकने एकदा कुणाला ड्रॅगनच्या डोळ्यांदेखत उठवलं, तर त्यानंतर त्याला पडलेला माणूस उठू शकतो हे ‘कळलं’. त्याआधी नाही.

आणि ड्रॅगनला जगायचं आहे. तो कधी पळणार हे आधी ठरवा. मी साधारण 70 हिट पॉइंट्स धरतो. तेव्हा खजिना सोडून तो उडून जातो. पार्टीने त्याला जाळ्यात पकडलं किंवा गुहेचं तोंड बुजवलं, तर मरू द्या, ऐनवेळी गुप्त वाट शोधू नका. निसटला तर त्याच रात्री कागद पुन्हा काढा. कोण बरं करतं, कोणाचा बाण सर्वांत दूर पोचला, कोण कोणासाठी मागे वळलं, हे सगळं आता पहिल्या रकान्यात जाईल.