परदेशी पाहुण्याचा रशिया वाचताना

कॉलेजात असताना एका निबंधात मी ठणकावून लिहिलं होतं, की जुन्या रशियात नवऱ्याचा मार हीच बायकांना प्रेमाची खूण वाटे. आधाराला रशिया पाहून आलेले तीन परदेशी प्रवासी होते, म्हणजे माझ्या हिशेबी तीन साक्षीदार. सरांनी समासात एवढंच लिहिलं: ‘तिघे, की एकच?’

शोधलं तर एकच निघाला. हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा वकील, म्हणजे राजदूत, झिगिस्मुंड फॉन हर्बरश्टाइन १५१७ आणि १५२६ मध्ये मॉस्कोला गेला आणि १५४९ मध्ये त्याचं लॅटिन पुस्तक व्हिएन्नात छापलं गेलं. त्यात योर्डान नावाच्या जर्मन लोहाराची गोष्ट आहे. ‘तुम्ही मला कधी मारत नाही, मग प्रेम कसलं?’ असं त्याची रशियन बायको त्याला विचारते. पुढच्या लेखकांनी हाच लोहार एकमेकांकडून उसना घेतला. शंभरेक वर्षांनी आलेल्या आडाम ओलेआरिउस या जर्मन प्रवाशाने मात्र स्पष्ट लिहिलं, की असं काही मला आढळलं नाही.

तेव्हापासून माझा पहिला नियम: मजकूर आवडला की त्याचा बाप शोधायचा. वहीत एका बाजूला प्रवाशाचं नाव आणि साल, दुसऱ्या बाजूला त्याच्या आधी तीच गोष्ट कोणी सांगितली ते. हर्बरश्टाइनचं नाव इतक्यांदा येईल की कंटाळा येईल. त्याला दोष देऊ नका. लहानपणापासून स्लोव्हेन येत असल्याने त्याला रशियन बोलणं बरंच कळे, ही सोय पुढच्या पुष्कळांना नव्हती.

मग पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघा ओढा. ‘पाहिलं’ला एक रेघ, ‘म्हणतात’ला दोन. ओलेआरिउस नोव्हगोरोदला आपल्या मुक्कामाजवळच्या दारूगुत्त्यातून बाहेर पडणारा माणूस रंगवतो: दारूपायी आधी अंगरखा गेला, मग सदरा. ही एक रेघ. पण त्यावरून ‘सगळे रशियन दारुडे’ म्हणायला दुसरा आधार लागतो. आणि वरच्या घराण्यांतल्या बायका तर परपुरुषासमोर क्वचितच येत. त्यांच्याबद्दलची पानं बहुतेक दोन रेघांचीच.

लेखक कुठे उभा होता, हेही विचारा. परदेशी वकिलांसोबत ‘प्रिस्ताव’ नावाचा सरकारी अधिकारी असे. तोच खाण्याराहण्याची सोय पाही आणि तोच पाळतही ठेवी. महिनोन्‌महिने अशा देखरेखीत काढलेल्या माणसाला सगळा देश तुरुंगासारखा वाटला तर नवल नाही. इंग्लंडचा वकील जाइल्स फ्लेचर याला १५८८-८९ मध्ये थंड स्वागत मिळालं. १५९१ च्या त्याच्या पुस्तकात झारची, म्हणजे रशियाच्या राजाची, जुलमी सत्ता पानोपानी आहे. गंमत अशी, की रशियाशी व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीनेच घाबरून तक्रार केली आणि पुस्तक दाबलं गेलं. म्हणून कोण खूश होणार नि कोणाचा धंदा बुडणार, हेही वहीत लिहावं.

सगळ्यात फसवा शब्द ‘खोलोप’. त्याचा अर्थ गुलाम. मोठमोठे सरदारही झारला लिहिताना स्वतःला ‘तुझा खोलोप’ म्हणवत, आणि पाहुण्यांनी निष्कर्ष काढला: इथे सगळेच गुलाम. आपल्याकडे अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणारा घरी किती आज्ञा पाळतो, ते आठवा. याचा अर्थ झारची सत्ता सौम्य होती असा नाही. भूदासांवरची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांवरची, बंधनं १६४९ च्या कायद्याने पक्की झालीच. पण शिष्टाचार आणि कायदा वेगवेगळे तपासा.

शेवटी या परदेशी प्रवाशांच्या शेजारी ग्रिगोरी कोतोशिखिन ठेवून पाहा. तो मॉस्कोच्या परराष्ट्र कचेरीतला कारकून, म्हणजे दरबाराच्या आतला माणूस. १६६४ मध्ये तो पळाला आणि पुढे स्वीडनमध्ये, स्वीडिश वाचकांसाठी, रशियाचं वर्णन लिहून बसला. त्याच्याही पानांवर मी त्याच दोन प्रकारच्या रेघा ओढल्या.