जुन्या डच शीर्षकपृष्ठांची नोंद करताना या चुका टाळा

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील डच पुस्तके वर्णनासाठी हाती घेणाऱ्यांच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: शीर्षकपृष्ठावर जे छापले आहे ते जसेच्या तसे खरे मानले जाते. ते पान पुस्तकाची ओळख जितके होते तितकेच त्याची जाहिरातही होते, हे आधी लक्षात घ्यावे.

सर्वांत गंभीर चूक प्रकाशनस्थळाची. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या १६७० मधील ‘त्राक्तातुस थिओलॉजिको-पोलिटिकुस’ या ग्रंथावर हाम्बुर्ग आणि हेन्रिकुस क्यूनराट अशी नावे आहेत. ग्रंथ मात्र आम्स्टरडॅमचा, आणि त्याचा खरा प्रकाशक यान रियुवर्ट्स. कोलोनचा प्रकाशक म्हणून छापला जाणारा प्येर मार्तो तर कधी अस्तित्वातच नव्हता, तरी त्याच्या नावावर अनेक पुस्तके निघाली. धर्म किंवा राजकारण यांवरचे वादग्रस्त पुस्तक असेल, तर खिळ्यांचे (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचे) वळण, सजावटीचे ठोकळे आणि कागद यांची तुलना त्याच काळातील ज्ञात छापखान्यांच्या कामाशी केल्याशिवाय स्थळ निश्चित करू नये. लॅटिन नावही फसवते: नुसते ‘लुग्दुनी’ म्हणजे फ्रान्समधील ल्यों, तर ‘लुग्दुनी बातावोरुम’ म्हणजे लायडन.

साल जुळत नसेल तर रोमन अंक पुन्हा पाहावेत. उभ्या रेघेच्या डावीकडे ‘सी’ आणि उजवीकडे उलटा ‘सी’ म्हणजे १०००, नुसती रेघ आणि उलटा ‘सी’ म्हणजे ५००. ही दोन्ही ओळीने येऊन पुढे सुलटा ‘सी’ आला की आणखी १००, म्हणजे एकूण १६००. उलट्या ‘सी’ला सजावट समजून सोडून दिले की अख्खे साल बिघडते.

मोठ्या अक्षरांतला शब्द महत्त्वाचा, हा आधुनिक संकेतही येथे लावू नये. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, ओळीची रुंदी आणि पानाचा तोल सांभाळत असे. त्यासाठी एखाद्या शब्दाचा पहिला अर्धा भाग मोठ्या खिळ्यांत आणि उरलेला पुढच्या ओळीत लहान खिळ्यांत लावणे त्याला मुळीच गैर वाटत नसे. गॉथिक, म्हणजे जाड आणि टोकदार अक्षरांचे, वळण दिसले म्हणून पुस्तक जुने, हा निष्कर्षही तितकाच कच्चा आहे, कारण डच भाषेतील मजकुरासाठी ते वळण दीर्घकाळ टिकले. १६३७ चे अधिकृत डच बायबल त्याच वळणात आहे.

काही पुस्तकांना दोन शीर्षकपृष्ठे असतात, एक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आणि दुसरे खिळ्यांनी छापलेले. पत्रा पुढील आवृत्त्यांतही वापरता येई, म्हणून दोन्ही सालांत फरक असल्यास दोन्हींची नोंद करावी आणि केवळ कोरीव पानावर विसंबू नये. कोरीव पान ओळखण्याची खूण म्हणजे चित्राभोवती कागदावर दबलेली पत्र्याची कड. स्कॅनमध्ये ती बहुधा दिसत नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ प्रत तिरप्या प्रकाशात पाहावी. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर, आम्स्टरडॅमला १६६७ मध्ये निघालेल्या अथानासियुस किर्शर यांच्या चीनविषयक ग्रंथात देवनागरी अक्षरे आहेत, पण ती खिळ्यांची नसून अशाच पत्र्यांवर कोरलेली आहेत.