खुनी आधीच कळला तरी वाचावं कसं? रहस्यकथेपासून अभिजात पुस्तकांपर्यंत

कॉलेजात असताना वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली होती. जुलै महिना, बेळगावचा पाऊस, तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं. बाराव्या पानावर डॉक्टर पहिल्यांदा गोष्टीत येतो, आणि त्याच्या नावाखाली कुणा पुण्यात्म्यानं पेन्सिलीनं रेघ मारून लिहिलेलं: ‘हाच तो!’

पुस्तक आपटलं. पण घरात न वाचलेलं दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून निमूटपणे पुढं वाचत गेलो, आणि मजा तिथंच सुरू झाली. बाहेर धो धो पाऊस. डॉक्टर आत येतो, छत्री कोपऱ्यात ठेवतो आणि त्याच ओळीत मांजर दुधाचं भांडं लवंडतं. सगळे दुधाकडे धावतात, वाचणाराही. कोपऱ्यातली फरशी कोरडी होती हे मोलकरीण बऱ्याच पानांनी सहज बोलून जाते. खुनी ठाऊक नसता तर मीही दूधच पुसत बसलो असतो. लेखक माणूस लपवतो कसा, ते त्या दिवशी दिसलं. पुढं जाडजूड, मानाची पुस्तकं वाचताना हीच नजर कामाला आली. ती कशी कमवायची, ते सांगतो.

सुरुवात रहस्यकथेनंच करा, आणि लाजू नका

आमच्याकडे घरोघरी एक तरी काका असतात, ज्यांच्या मते रहस्यकथा म्हणजे वेळ घालवणं. त्यांना मान द्या आणि पुस्तक हातात ठेवा. पहिल्यांदा छोट्या कथा घ्याव्यात. कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा आणि फक्त ४ कादंबऱ्या लिहिल्या. मराठी अनुवाद सहज मिळतात. बेळगाव ते निपाणी एसटीत एक कथा आरामात होते, खिडकीची जागा मिळाली तर. अस्सल मराठी हवं तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आहेच. त्यांच्या कादंबऱ्या हजाराच्या वर आहेत, तेव्हा सगळ्या वाचायचा संकल्प करू नका.

जवळ एक कागद ठेवा

वाचताना कागदावर दोनच गोष्टी टिपा. एक, कुठली वस्तू दोनदा आली. दुसरी, कुठली गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली नाही, कुणीतरी फक्त सांगितली. बाकी काही लिहू नका, नाहीतर वाचन राहील बाजूला आणि परीक्षेची तयारी सुरू होईल.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ मध्ये रहस्यकथेचे १० नियम मांडले. त्यातला पहिला असा, की गुन्हेगार गोष्टीत लवकर यायला हवा. म्हणजे शेवटच्या प्रकरणात कुठूनसा मामा आणून त्याच्या गळ्यात खून मारणं ही फसवणूक. हा नियम लक्षात ठेवून पाऊण पुस्तक झालं की थांबा, आपला संशयित कागदावर लिहा, मग पुढं जा. चुकलात तर उत्तम. बरोबर आलात तर घरच्यांना दाखवा, कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता खरं काम. पुस्तक संपलं की लगेच, त्याच बसणीत, फक्त पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या खेपेला साधी वाटलेली वाक्यं आता डोळे मिचकावतात. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते अर्धं सुख तिथंच आहे.

तोच कागद अभिजात पुस्तकाला लावा

अभिजात पुस्तक आपण देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखं वाचतो, म्हणून झोप येते. त्याऐवजी सरळ विचारा: हा माणूस काय लपवतोय? जी. ए. कुलकर्णींच्या कथेत पोलीस तपासाला येत नाही, पण कुणाच्या तरी मनात काहीतरी पुरलेलं असतं आणि ते उकरत आपण शेवटापर्यंत जातो. रोज एक कथा, जास्त नको. एका दमात चार वाचल्या तर जेवण गोड लागत नाही.

आपल्या भागातल्या वाचकाला एक जास्तीची सवलत आहे. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला पोरगा लंपन बोलतो त्या मराठीत कानडी शब्द मिसळलेले. पुण्याचा वाचक तिथं अडखळतो. खानापूर, शहापूर, वडगावातला वाचक हसून पुढं जातो. सुरुवात तिथून करा. मग मागं जा: मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी जन्मले बेळगावातच. विधवांच्या हालांची ती कहाणी आहे. मधला धर्मोपदेश जड वाटला तर ती पानं भरभर उलटा.

दोन भाषांचा फायदा घ्या

कानडी येत असेल तर तिचा उपयोग करा. भैरप्पांच्या ‘पर्व’ या कानडी कादंबरीत महाभारत आहे, चमत्कार काढून टाकलेलं, ते मराठीत आणलं उमा कुलकर्णींनी, त्याही मूळच्या बेळगावच्या. एखादं प्रकरण दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवून वाचा, कुठल्या शब्दाला काय सापडलं ते बघा. पुस्तक जाड आहे, पहिल्या महिन्यात हात लावू नका.

पोरं कानडी किंवा इंग्रजी माध्यमात असतील आणि मराठी अडखळत वाचत असतील, तर रहस्यकथा मोठ्यानं वाचून दाखवा, आणि संशयितांची नावं निघाली की पुस्तक मिटा. उरलेलं त्यांचं ती वाचतात. आमच्या घरी हे चाललं. कवितांच्या बाबतीत चाललं नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

पुस्तकं कुठून

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, तेव्हा सबब नको. दोन पुस्तकं मिळत असतील तर एक आपण निवडा, दुसरं काउंटरवरच्या माणसाला निवडू द्या. “हे नको वो, हे न्या, परत द्यायला उशीर करशीला बघा,” असं म्हणून त्यांनी हातात दिलेलं पुस्तक माझ्या बाबतीत क्वचितच फुकट गेलंय. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरतात. भाषणं ऐका न ऐका, पुस्तकांचे स्टॉल चुकवू नका. पन्नास पानांत जीव रमला नाही तर पुस्तक परत करा, गुन्हा नाही तो.

आणि वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नका. हात शिवशिवतच असेल तर निदान भलत्याच माणसाच्या नावाखाली रेघ मारा.